तूप, चक्का की इडली? कडक झालेला पॉलिमर क्ले मऊ करण्याआधी हे बघा

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये रेंज जाते, किंवा ऐन कामात हात क्लेने भरलेले असतात आणि मागे जाऊन परत ऐकता येत नाही, म्हणून सगळं इथे टाइप करून ठेवतोय. बोलताना आलेले 'अं...' आणि 'म्हणजे बघा' काढलेत, बाकी भाषा तीच आहे.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हौसेने पॉलिमर क्लेचा सेट मागवला. चार कानातली केली, दोन कीचेन केली. मग कॉलेज सुरू झालं, डबा माळ्यावर गेला. आता कुणाच्या तरी वाढदिवसासाठी काहीतरी करायचं म्हणून डबा काढला, तर आत दगड! मग पहिला विचार येतो: वाटीभर पाण्यात भिजत टाकूया का?

नका टाकू. आजच्या एपिसोडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: पॉलिमर क्ले वाळत नाही. त्यात पाणी नसतंच, त्यामुळे पाणी घालून तो मऊ होत नाही. तो कडक होतो तो तीन वेगळ्या कारणांनी. त्यातल्या दोन प्रकारांवर इलाज आहे, तिसऱ्यावर नाही. त्यामुळे आधी आपल्या डब्यात कुठला प्रकार आहे ते ओळखायचं, मग हात लावायचा. आमच्या आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी बग शोधा, मग फिक्स करा.

ही माती नाहीच

गोंधळ नावामुळे होतो. 'क्ले' म्हटलं की आपल्याला माती आठवते. गणपतीची शाडू माती घ्या. ती ओली असते तोवर मऊ, पाणी उडून गेलं की कडक. न भाजलेली शाडूची मूर्ती पाण्यात ठेवली की परत चिखल होतो. म्हणून तर आपण शाडूचा गणपती घरच्या बादलीत विसर्जन करू शकतो.

पॉलिमर क्लेमध्ये साधारणपणे यातलं काहीच नसतं. तो मुख्यतः पीव्हीसी असतो. हो, तेच प्लॅस्टिक ज्याचे पाइप आपल्या बाथरूममध्ये असतात. पीव्हीसीची अतिशय बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य, रंग आणि थोडे भराव, एवढाच मामला. त्या तेलकट द्रव्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. आजच्या गोष्टीचा हिरो आणि व्हिलन दोन्ही तोच.

या क्लेचा इतिहासही कुंभारवाड्यातून येत नाही. 'फिमो' हे नाव जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझ यांच्या मुलीवरून आलंय. तिचं नाव सोफी, घरात तिला 'फिफी' म्हणत. १९६४ मध्ये तिने आपलं मिश्रण एबरहार्ड फाबर कंपनीला विकलं आणि फिफीचा 'फिमो' झाला. अमेरिकेतल्या 'स्कल्पी'ची गोष्ट तर आणखी भारी आहे. १९६० च्या दशकात ते मिश्रण विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर काढण्यासाठी तयार केलं होतं. त्या कामाला ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण त्याला आकार देऊन भाजता येतं हे लक्षात आलं आणि हस्तकलेच्या दुकानात त्याचं नशीब उघडलं.

आत नेमकं काय चालतं?

रवा इडलीचं पीठ डोळ्यासमोर आणा. रव्याचे दाणे म्हणजे पीव्हीसीचे कण. दही म्हणजे प्लॅस्टिसायझर. नुकतं कालवलेलं पीठ सैल असतं, कारण दही दाण्यांच्या मध्ये असतं आणि दाणे एकमेकांवरून सरकतात. थोडा वेळ ठेवलं की रवा दही पिऊन फुगतो, पीठ घट्ट होतं. आणि वाफवलं की? दाणे फुगून एकमेकांना चिकटतात, एकजीव होतात, इडली होते.

ओव्हनमध्ये क्लेचं हेच होतं. ब्रँडप्रमाणे साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला प्लॅस्टिसायझर पीव्हीसीच्या कणांमध्ये शिरतो, कण फुगतात आणि एकमेकांत विरघळून सलग प्लॅस्टिक बनतं. भाजून आपण क्ले वाळवत नाही, त्याला जोडून टाकतो.

हे एकदा समजलं की कडकपणाचे तीन प्रकार आपोआप समजतात. मी त्यांना स्वयंपाकघरातली नावं दिलीत.

पहिला, तूप. थंडीत थिजलेलं तूप खराब झालेलं नसतं, फक्त बसलेलं असतं. क्ले बरेच दिवस हलला नाही की तसाच बसतो. पाकिटातून काढलेला कोरा क्लेसुद्धा थोडा असाच असतो. त्याला ऊब आणि मळणं हवं, बाकी काही नाही.

दुसरा, चक्का. दही फडक्यात टांगलं की पाणी निथळतं आणि घट्ट चक्का उरतो. क्ले कागदात गुंडाळून ठेवला असेल तर कागद त्यातला प्लॅस्टिसायझर शोषून घेतो. वहीच्या पानात किंवा वर्तमानपत्रात ठेवलेल्या क्लेभोवती तेलकट डाग दिसतात ना, तो निघून गेलेला प्लॅस्टिसायझर. असा क्ले कोरडा, भुसभुशीत लागतो. त्याला गेलेला ओलसरपणा परत द्यावा लागतो.

तिसरा, इडली. क्ले उन्हात, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उभ्या गाडीत राहिला. ओव्हन नव्हता, पण गरमी होती आणि वेळ भरपूर होता. आतले कण हळूहळू जुळत गेले. म्हणजे क्ले अर्धवट किंवा पूर्ण भाजला गेला. आणि इडलीचं परत पीठ होत नाही. कितीही दही ओता, इडलीचा काला होईल, पीठ नाही.

पाच मिनिटांची तपासणी

आता तुमचा डबा घ्या. प्रत्येक रंगाची तपासणी वेगळी करा, कारण एकाच डब्यात एक रंग तूप आणि दुसरा इडली असू शकतो. पाकिटाची उन्हाकडची बाजू कडक आणि आतला भाग ठीक, असंही होतं.

१. कटरने वाटाण्याएवढा तुकडा कापा. सुरी सलग, लोण्यातून गेल्यासारखी गेली तर उत्तम. तुकडा भुगा होऊन पडला तरी घाबरू नका, अजून निकाल लागलेला नाही.

२. तो भुगा अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून अर्धा मिनिट चोळा. परत गोळा व्हायला लागला तर तूप.

३. गोळा होत नाही, पण प्रत्येक कण नखाने दाबल्यावर चपटा होतो? मग चक्का.

४. कण नखाखाली दाबला जात नाही, रबरासारखा उसळतो किंवा प्लॅस्टिकच्या दाण्यासारखा टणक लागतो? इडली.

५. कळतच नसेल तर थोडा भुगा एका छोट्या डबीत घ्या, त्यावर क्ले सॉफ्टनरचा एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी मळला गेला तर चक्का. दाणे वेगवेगळेच राहिले आणि नुसते तेलकट झाले तर इडली.

काही ब्रँड मुळातच घट्ट असतात. 'फिमो प्रोफेशनल' हा 'फिमो सॉफ्ट'पेक्षा घट्टच लागणार. तो दोष नाही, बारीक नक्षीकामात रेषा स्वच्छ राहाव्यात म्हणून लोक मुद्दाम तसा घेतात.

तूप असेल तर: ऊब द्या, मग मळा

सगळ्यात स्वस्त हीटर म्हणजे आपलं शरीर. क्ले झिप पाउचमध्ये घालून पँटच्या खिशात ठेवा, किंवा त्यावर बसा. हसू नका, जगभरचे क्लेवाले हेच करतात. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

घाई असेल तर पाउच नीट बंद करून कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे ज्यात हात आरामात राहतो तितकंच. पाउचमध्ये पाणी शिरता कामा नये. क्लेमध्ये अडकलेल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि वस्तूवर फुगे येतात किंवा तडे जातात. पाणी घालू नका म्हणण्याचं हे दुसरं कारण.

मायक्रोवेव्ह नको, हेअर ड्रायर लावून बसणं नको, गॅसवरचा तवा तर अजिबात नको. आपल्याला क्ले उबवायचा आहे, शिजवायचा नाही.

ऊब आली की छोटे तुकडे करा, एकेक तुकडा बोटांनी मळा, मग ते एकत्र करा. सगळा ठोकळा एकदम मळायला गेलात तर मनगट दुखेल आणि क्ले हलणार नाही. लांब वळकटी करा, दुमडा, परत वळकटी करा. कणीक तिंबतात तसं. वळकटी वाकवल्यावर तुटली नाही, कडांना चिरा पडल्या नाहीत, की झालं. पास्ता मशिन असेल तर आधी सगळ्यात जाड सेटिंगवर घाला, आणि दुमडलेली बाजू खाली किंवा कडेला ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही.

चक्का असेल तर: थेंबाथेंबाने

इथे लोक घाई करतात आणि क्लेचा चिकट लगदा करून बसतात. पद्धत अशी:

क्ले बारीक चिरा किंवा किसा. बाजारात ब्लॉक साधारण ५६-५७ ग्रॅमचा असतो. तेवढ्याला दोन ते तीन थेंब, एवढीच सुरुवात. भुगा झिप पाउचमध्ये घालून थेंब टाका, पाउच बाहेरून चोळा आणि रात्रभर ठेवून द्या. रव्याला दही प्यायला वेळ लागतो, तसंच. दुसऱ्या दिवशी पाउचवरूनच लाटणं किंवा बाटली फिरवून भुगा एकत्र दाबा, मग बाहेर काढून मळा. अजून भुसभुशीत असेल तर आणखी एक थेंब, परत थांबा.

थेंब कशाचे? माझ्या पसंतीचा क्रम असा:

पहिली पसंती क्ले बनवणाऱ्या कंपन्यांचं सॉफ्टनर. ते खास याच कामासाठी असतं. लिक्विड पॉलिमर क्लेही चालतो, कारण त्यात प्लॅस्टिसायझर आणि पीव्हीसी दोन्ही आहेत.

दुसरी पसंती नवा मऊ क्ले. त्याच ब्रँडचा असेल तर उत्तम. नव्यात जास्तीचा प्लॅस्टिसायझर असतो, तो जुन्याला थोडा वाटून घेतो. निम्मा-निम्मा घेऊन सुरुवात करा. रंग बदलू नये असं वाटत असेल तर ट्रान्सलुसंट, म्हणजे पारदर्शकसर क्ले मिसळा.

तिसरी पसंती मिनरल ऑइल. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं. बेबी ऑइल घेताना लेबल वाचा, काही बेबी ऑइल वनस्पती तेलांची असतात. मिनरल ऑइल हा खरा प्लॅस्टिसायझर नव्हे. ते कणांना सरकायला मदत करतं, पण भाजताना कण जोडायच्या कामी येत नाही. म्हणून एक-दोन थेंबांपुरतं ठीक. जास्त झालं तर वस्तू कमकुवत होते.

आणि घरातलं खोबरेल? ते टाळा. खाद्यतेल कालांतराने खवट होतं, आणि ते पीव्हीसीत प्लॅस्टिसायझरसारखं मुरत नाही. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली स्वतःच थिजतं. मऊ करायला घातलेली गोष्टच पुण्याच्या डिसेंबरात गोठली तर काय उपयोग!

थेंब जास्त पडले तर? आता मात्र कागद कामाला येतो. क्ले पातळ लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर एखादं जाड पुस्तक ठेवा, आणि तासाभराने बघा. चक्का मुद्दाम करायचा, पण बेताने.

इडली असेल तर: सोडून द्या, पण फेकू नका

पूर्ण भाजला गेलेला क्ले परत मऊ करणारा कुठलाही घरगुती उपाय नाही. कुणी रीलमध्ये दाखवलं तरी नाही. तिथे दिसणारा क्ले बहुधा चक्का असतो.

अर्धवट इडली असेल, म्हणजे काही कण दबतात आणि काही नाही, तर कडक बाहेरचा भाग कापून काढा आणि आतला वाचवा. कडक दाणे मिसळून टाकायचा मोह टाळा. पातळ लाटलं की ते पुरळासारखे वर येतात.

टणक भाग किसून नव्या क्लेमध्ये मिसळा. ग्रॅनाइट किंवा टेराझोच्या फरशीसारखा ठिपक्या-ठिपक्यांचा पोत येतो, आणि तो खरंच छान दिसतो. मोठे तुकडे जाड वस्तूच्या आत भराव म्हणून वापरता येतात. शेवटी हे पीव्हीसी आहे, कचऱ्यात गेलं की मातीत मिसळणार नाही. तेव्हा वापरता येईल तेवढं वापरलेलं बरं.

विकण्याआधी वाकवून बघा

तुमच्यापैकी बरेच जण इन्स्टावर ऑर्डर घेतात, म्हणून हा भाग नीट वाचा. वाचवलेला क्ले हाताला मऊ लागला म्हणजे तो भाजल्यावर मजबूत होईलच असं नाही. ज्याच्यात प्लॅस्टिसायझर कमी राहिला किंवा तेल जास्त झालं, तो दिसायला सुंदर आणि आतून बिस्कीट असतो. पातळ कानातलं ओढणीत अडकतं, हुकाजवळ टिचकन तुटतं, आणि नाव तुमचं जातं.

म्हणून प्रत्येक वाचवलेल्या गोळ्याची चाचणी करा. तीन मिलिमीटर जाड, बोटाएवढी लांब पट्टी. पाकिटावर दिलेल्या तापमानाला आणि वेळेला भाजा. बऱ्याच ब्रँडवर दर सहा मिलिमीटर जाडीला १५ ते ३० मिनिटं असं काहीतरी लिहिलेलं असतं. पूर्ण गार होऊ द्या, मग वाकवा. सोबत त्याच ब्रँडच्या नव्या क्लेचीही एक पट्टी भाजा आणि दोन्ही सारख्या वाकतात का बघा. हे महत्त्वाचं, कारण काही मऊ ब्रँड नवे असतानाही भाजल्यावर ठिसूळच असतात.

जुनी पट्टी आधी तुटली तर त्या क्लेची कानातली करू नका. जाड मणी, फ्रिज मॅग्नेट, कुंडीतली छोटी घरं करा. जिथे वाकणं नाही तिथे तो चालतो.

आईच्या मिक्सरला हात लावू नका

किसणी, मिक्सरचं भांडं, पास्ता मशिन, लाटणं यातलं जे एकदा क्लेला लागलं ते परत स्वयंपाकघरात जात नाही. घासलं तरी नाही. क्लेसाठी वेगळी जुनी किसणी ठेवा. काम झालं की हात साबणाने धुवा, मग वडापाव.

घरच्या ओटीजीत भाजत असाल तर ट्रे फॉइलने झाका आणि खिडकी उघडी ठेवा. तापमान पाकिटावर लिहिलंय त्याच्या वर नेऊ नका. पीव्हीसी जळायला लागलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळे आणि घसा दोन्ही चुरचुरतात. काळं पडून उग्र वास आलाच तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर पडा.

क्ले खूपच जुना असेल, म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा, तर तो लहान भावंडांच्या हातात देऊ नका. पूर्वी प्लॅस्टिसायझर म्हणून थॅलेट वर्गातली रसायनं वापरली जात. युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या खेळण्यांत त्यातल्या काहींवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि मोठ्या ब्रँडनी त्या सुमारास आपले फॉर्म्युले बदलले.

परत दगड होऊ नये म्हणून

ऊन आणि माळा टाळा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखाली आणि बंद गाडीत त्याहून बरंच जास्त. कपाटातला सगळ्यात खालचा, भिंतीकडचा कप्पा बरा. उन्हाळ्यात मागवलेलं पार्सल दिवसभर दारात किंवा स्कूटरच्या डिकीत राहू देऊ नका.

कागदात गुंडाळू नका. बटर पेपर, मेणकागद किंवा झिप पाउच चालेल.

डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बिनधास्त वापरा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते नको. प्लॅस्टिसायझर त्या प्लॅस्टिकलाही मऊ करायला जातो, आणि क्ले डब्याला चिकटून बसतो. याच कारणाने कच्चा क्ले पॉलिशच्या टेबलावर रात्रभर ठेवू नका.

दर दोन-तीन महिन्यांनी डबा काढा आणि प्रत्येक रंग एकदा दाबून बघा. पाकिटावर तारीख लिहून ठेवा, जुना आधी वापरा. घरात डाळ-तांदळाला जो नियम आहे तोच.

तर मंडळी, आज डबा काढा, नखाची परीक्षा घ्या आणि कमेंटमध्ये लिहा: किती तूप निघालं, किती चक्का आणि किती इडल्या. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर क्ले सावलीत ठेवा!